महिन्याची यादी आणि दहा रुपयांची साखर

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. वय ४१, नोकरी दादरला. प्रश्न तुम्हाला फालतू वाटेल कदाचित, पण महिनाभर डोक्यातून जात नाहीये.

आमच्या बिल्डिंगच्या खालीच किराणा दुकान आहे. सगळे त्यांना शेठ म्हणतात. लग्न होऊन इथे आले त्याला १६ वर्षं झाली, तेव्हापासून महिन्याचं सामान शेठकडूनच यायचं. दोन वर्षांपूर्वी ह्यांनी मोबाइलवर ॲप घेतलं आणि बघता बघता डाळ-तांदळापासून कोथिंबिरीपर्यंत सगळंच त्यावरून यायला लागलं. मी घरी पोचते साडेआठला, त्यामुळे सोयीचं आहे, खोटं कशाला सांगू. स्वस्तही पडतं.

परवा डिलिव्हरीच्या मुलाला आमचा जिना सापडेना, तर तो शेठनाच विचारायला गेला. शेठनी मजला सांगितला, वर म्हणाले, "बेल चालत नाही त्यांची, कडी वाजव." मी गॅलरीतून ऐकत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हापासून दुकानासमोरून जाताना मी मोबाइल कानाला लावून जाते.

सासूबाई (७६) अजून रोज संध्याकाळी खाली उतरतात, दहा-वीस रुपयांचं काहीतरी घेतात आणि तासाभराने वर येतात. हे म्हणतात, धंदा आहे, दानधर्म नाही. नाही परवडत त्याने बंद करावं. त्यात सोसायटीच्या पुनर्विकासाची बोलणी चालली आहेत. मागच्या बैठकीत दोघं-तिघं म्हणाले, नव्या इमारतीत खाली दुकानं नकोतच, कचरा होतो. ह्यांनी मान डोलावली. मी गप्प बसले. माझं काही चुकतंय, की मी उगाच हळवी होतेय?

– मोबाइल कानाला लावणारी

---

अगं, फालतू कसला? "कडी वाजव" वाचलं आणि पत्र बाजूला ठेवून मी आधी चहा टाकला. आपलं गिऱ्हाईक घेऊन चाललेल्याला त्याच गिऱ्हाइकाच्या दाराची खूण सांगायची म्हणजे गंमत नाही. अर्थात शेठच्या मनात असलं काही आलंही नसेल. पत्ता विचारला, सांगितला. इतकी वर्षं दुसरं काय केलं त्यांनी?

तुझ्या प्रश्नात मी तटस्थ नाही, हे आधीच सांगून टाकते. मी किराणा दुकानदाराची मुलगी. वाईला आमचं दुकान होतं, रस्त्याला लागून, वर राहतं घर. छताला दोऱ्याचं रीळ टांगलेलं असायचं आणि त्याचं टोक गल्ल्यावर लोंबत असायचं. वडील वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी वळायचे, वरून दोरा ओढून दोन वेढे द्यायचे आणि करंगळीभोवती एक पीळ देऊन तोडायचे. कात्री कधी लागली नाही. दहावीपर्यंत मी सुट्टीत गल्ल्यावर बसले, पण तो पीळ मला आजतागायत जमलेला नाही. तेव्हा माझं बोलणं थोडं झुकतं असणार. तू त्यातून वजन वजा करून घे.

दुकान कसं बंद पडतं, हे मात्र मी जवळून बघितलंय, आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर बरचसं तिथेच आहे.

लोकांना वाटतं, गिऱ्हाईक यायचं बंद झालं की दुकान बंद पडतं. तसं नाही होत. आमच्याकडे शेवटच्या दिवसापर्यंत गिऱ्हाईक होतं. सकाळी सातला फळी उघडली की भवानी व्हायची, रात्री नऊलाही कोणीतरी काडेपेटीला यायचं. आधी गेली ती यादी. भिंतीला एक लांब खिळा होता, त्याला महिन्याच्या याद्या टोचलेल्या असायच्या. पहिल्या आठवड्यात तो खिळा गच्च भरायचा. मग लोकांकडे गाड्या आल्या, साताऱ्याला मोठी दुकानं झाली, महिन्यातून एक फेरी मारली की सगळं एकदम येऊ लागलं. आमच्याकडे तीच माणसं यायची, हसून बोलायची, फक्त आता मिठाची पिशवी न्यायला आणि पाहुणे आले म्हणून पाव किलो रवा न्यायला. वडील म्हणायचे, "खिळा दिसायला लागला." एवढंच म्हणायचे. २०११ मध्ये दुकान बंद केलं. तिथे आता मोबाइल दुरुस्तीवाला बसतो.

काडेपेटीवर दुकान चालत नाही, बाळ. हा हिशोब गल्ल्याच्या पलीकडच्या माणसाला दिसत नाही म्हणून सांगते. जागेचं भाडं, विजेचं बिल, हाताखालचा पोरगा, पावसाळ्यात फुटलेल्या गोणीतलं नुकसान, हे सगळं निघतं ते तेलाचे डबे, दहा-दहा किलो तांदूळ, डाळी आणि साबण-पावडरीच्या एकरकमी यादीतून. एका वस्तूवर सुटणारे पैसे थोडे, पण यादी लांब आणि ठरलेली. शेठला पंचवीस तारखेलाच ठाऊक असतं की पुढच्या आठवड्यात अमुक इतकं जाणार, म्हणून तो कल्याणच्या नाहीतर वाशीच्या बाजारातून तेवढा माल आणू शकतो. त्या भरवशावर मग तो कोणाला दहा रुपयांची साखर देतो आणि कोणाला एक अंडं.

आणि इथे मला तुझ्या ह्यांच्याशी बोलायचंय.

तुमच्या बिल्डिंगचा वॉचमन सामान कुठून घेतो? घरकाम करणारी ताई जाताना काय घेऊन जाते? समोरच्या बांधकामावरची माणसं संध्याकाळी कुठे थांबतात? मी पैजेवर सांगते, शेठकडेच. पाव किलो डाळ, छोटी तेलाची पिशवी, पाच रुपयांची चहा पावडर, आणि वहीत लिहून ठेवा, शनिवारी देते. ॲपवर हे नाही मिळत. तिथे किमान रकमेची अट असते, छोट्या ऑर्डरला वरचा आकार लागतो आणि "शनिवारी देते" म्हणायला समोर माणूसच नसतो. या लोकांना शेठचं दुकान सोयीचं आहे असं नाही. त्यांना दुसरं दुकानच नाही.

पण शेठला परवडतं कोणाच्या जिवावर? तुमच्या. तुमच्यासारख्या वीस-पंचवीस घरांच्या यादीवर वॉचमनची उधारी चालते. हे कोणी ठरवून केलेलं नाही, कुठे लिहिलेलं नाही, शेठलाही असं मांडून सांगता येणार नाही. पण आहे ते असंच. तुमची यादी गेली की तुमचं काहीच अडत नाही, तुमच्याकडे ॲप आहे. अडतं ते ताईचं.

आमचं दुकान बंद झाल्यावर हे मला समजलं, आधी नाही. मागच्या आळीत एक बाई होती, चार घरची धुणीभांडी करायची. रोज संध्याकाळी छोटी बाटली घेऊन यायची, आदपाव तेल, पावशेर साखर, कधी फक्त चहापत्ती. पगार झाला की खातं चुकतं करायची, एक महिना पुढे-मागे झाला असेल तेवढाच. दुकान बंद झालं आणि तिला दुसऱ्या पेठेत जावं लागलं. तिथे तिला कोणी ओळखत नव्हतं, म्हणून उधारी नाही. पैसे हातात असतील तेवढंच घ्यायचं, म्हणजे छोट्यात छोटं पाकीट, आणि छोटं पाकीट ग्रॅममागे बरेचदा महाग. ती एकदा आईला भेटली तेव्हा रडली-बिडली नाही हो. "वैनी, साखर लांब गेली," म्हणाली.

ज्या घरांनी यादी साताऱ्याला नेली, त्यांनी काही तिचं वाईट चिंतलं नव्हतं. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या घरी तर तीच भांडी घासत होती.

आता ह्यांचं वाक्य: धंदा आहे, दानधर्म नाही. मला ते पटतं. अगदी पटतं. दया म्हणून कोणी आमच्याकडून तांदूळ घेतला असता तर वडिलांनी त्याला वजन करून दिलाही नसता. पण धंद्याच्याच भाषेत बोलायचं तर पूर्ण बोलूया. ॲपवरची सूट कुठून येते? झेप्टो मुंबईत २०२१ मध्ये सुरू झालं, ग्रोफर्सचं ब्लिंकिट झालं तेही त्याच वर्षी, इन्स्टामार्ट त्याच्या थोडं आधीचं. या सगळ्यांनी गुंतवणूकदारांचे पैसे ओतून गिऱ्हाईक जमवलं. त्यात चोरी नाही, पण तो कायमचा भावही नाही. मग कधी हाताळणीचा आकार येतो, कधी पाऊस आहे म्हणून जादा. शिवाय मोठ्या खरेदीदाराला कंपनीकडून माल मिळतो तोच वेगळ्या भावात. २०२२ च्या सुरुवातीला महाराष्ट्रातल्या वितरकांनी काही बड्या कंपन्यांचा ठरावीक माल उचलायचंच बंद केलं होतं, ते यावरूनच. म्हणणं साधं होतं, तीच टूथपेस्ट आम्हाला एका भावात आणि मोठ्या साखळ्यांना त्याहून कमी भावात का? शेठ महाग विकतात असं नेहमीच नसतं. कधीकधी त्यांना मिळतंच महाग.

तरीही तुला म्हणून सांगते, मी स्वतः ॲप वापरते. हसू नकोस. कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट महिन्यातून दोनदा रुसते आणि गुडघे रोजच. मागच्या श्रावणात मी एक उद्योग केला. वहीत दोन रकाने आखले आणि महिनाभर जे काही घरात आलं ते भावासकट लिहिलं. कपड्याची पावडर, शॅम्पू, बिस्किटं ॲपवर स्वस्त पडली, चांगली स्वस्त. तूरडाळ जवळजवळ सारखी. नारळ, गूळ, पोहे, शेंगदाणे खालच्या दुकानात बरे, आणि हातात घेऊन बघताही येतात. पण खरी गंमत तिसऱ्या रकान्यात होती, तो मला नंतर आखावा लागला: नको असताना घेतलेलं. चार लिंबं मागवायला गेले आणि किमान रक्कम भरावी म्हणून खाकऱ्याची दोन पाकिटं, एक सॉस आणि कसलासा मसाला टाकला. तो सॉस अजून फ्रिजमध्ये आहे. दुकानात मी कधी लिंबाबरोबर सॉस घेतला नव्हता. ह्यांना म्हणावं, एक महिना वही घाला. भांडण नको, वही. तुमचा आकडा काय येतो ते तुमचं तुम्ही बघा; कदाचित ॲपच स्वस्त निघेल. निघालं तर निघालं. पण अंदाजाने बोलणं तरी थांबेल.

दुकानदार म्हणजे साधुसंत, असलं मी बिलकूल म्हणणार नाही. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली आणि घराघरांचे गट महिन्याचं सामान एकत्र घाऊकीने आणून कोणाच्या तरी हॉलमध्ये वाटून घेऊ लागले, ते काही वाण्यांच्या प्रेमापोटी नव्हे. भेसळ, टंचाई, साठेबाजी, मापात पाप, हे सगळं आपल्या आयांनी सोसलंय. नायगावच्या गिरणी कामगारांनी तर १९४८ मध्येच अपना बाजार काढला. आजही थंड पेयाच्या बाटलीवर 'थंड करायचे दोन रुपये' लावणारे आहेतच. ते बेकायदा आहे. छापील किंमत ही सगळ्या करांसकट जास्तीत जास्त किंमत, तिच्यावर एक रुपया घेता येत नाही. ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर त्यासाठीच आहे. तारीख उलटलेला मैदा, किडलेले काबुली चणे, सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेट, हे शेठकडे होत असेल तर तोंडावर सांग. मायेपोटी गप्प बसून किडके चणे घरी आणायचे आणि पुढच्या महिन्यापासून गुपचूप ॲप उघडायचं, यापेक्षा "शेठ, चणे बदला" हे जास्त माणुसकीचं. आमच्याकडे जी गिऱ्हाइकं भांडायची ती टिकली. गेली ती सगळी गोड बोलणारी होती.

तेव्हा आता काय करायचं. सगळी यादी परत शेठकडे ने, असं मी म्हणणार नाही. साडेआठला घरी पोचणाऱ्या बाईला मी काय सांगू की पिशवी घेऊन खाली उतर? यादी फाड. सरळ दोन तुकडे कर. एका तुकड्यावर धान्य, डाळी, तेल, गूळ, साखर, पोहे-रवा, नारळ. तो तुकडा दर महिन्याला पहिल्या तारखेला शेठकडे, न चुकता, मग ॲपवर कसलीही सूट येऊ दे. दुसऱ्या तुकड्यावर पावडरी, शॅम्पू, मुलाची ती पाकिटं, रात्री साडेदहाला आठवलेला प्रोजेक्टचा कार्डपेपर; ते खुशाल मोबाइलवरून. किती रुपयांचं जातं यापेक्षा ते ठरलेलं असणं शेठला जास्त उपयोगी आहे, हे मी तुला खिळ्याच्या अनुभवावरून सांगते. महिन्याला दोन हजारांचं खात्रीचं गिऱ्हाईक आणि वर्षातून दोनदा दिवाळी-गणपतीला सात हजारांचं उगवणारं गिऱ्हाईक, यातलं पहिलं मला विचारशील तर लाखाचं.

यादी फोटो काढून पाठवता येते का, वर आणून देतात का, हे विचार. बहुतेक देतील, हल्ली गल्ल्यावर क्यूआर चिकटवलेला नाही असं दुकान मला दाखव. आणि भावाचंही विचार. "ॲपवर हे तेल इतक्याला मिळतंय, तुम्हाला जमतंय का बघा." त्यात कमीपणा नाही. छापील किमतीच्या खाली विकायला शेठना कोणी बंदी केलेली नाही, आणि न विचारता कोण उतरवतो? काही ठिकाणी जमेल, काही ठिकाणी "नाही हो वहिनी" म्हणतील. जिथे नाही जमणार ती वस्तू दुसऱ्या तुकड्यावर टाक. अपराध वगैरे काही नाही त्यात.

त्या डिलिव्हरीच्या मुलावर मात्र राग धरू नकोस, घरातही धरू देऊ नकोस. तो बहुधा ठाकुर्लीचा नाहीतर दिवा स्टेशनकडचा कोणीतरी असेल आणि संध्याकाळी तोही कुठल्यातरी शेठकडून दहा रुपयांची साखर घेत असेल.

सासूबाईंबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, पण मला त्या फार आवडल्या. ७६ वर्षांची बाई रोज जिना उतरते, दहा रुपयांचं काहीतरी घेते आणि तासाने वर येते. दहा रुपयांचं सामान घ्यायला तास लागत नाही गं. त्या तासात काय होतं हे तुला माहीत नसेल, शेठना माहीत आहे. कोणाच्या सुनेला काय झालं, कोणाचा रक्तदाब वाढला, टाकी कधी धुणार, पाणी उद्या येणार का. त्यांनी उद्या खाली यायचं चुकवलं तर तू दादरला असताना पहिल्यांदा कोणाच्या लक्षात येईल? माझ्या आईचं शेवटच्या वर्षांत असंच होतं. एकदा दोन दिवस ती खाली उतरली नाही, तर खालच्या दुकानदाराने पोऱ्याला वर पाठवलं, "आजींनी आज दूध नाही नेलं." तापाने पडली होती. मी पुण्यातच होते, अर्ध्या तासावर. मला कळलं ते त्याच्या फोनवरून.

२०२० तुला आठवत असेलच. २४ मार्चच्या रात्री आठला घोषणा झाली आणि नऊला अख्खं शहर किराण्याच्या रांगेत. पुढचे कितीतरी दिवस ऑनलाइनवाल्यांच्या ऑर्डरी लागत नव्हत्या, गाड्या नाक्यावर अडकलेल्या, गोदामं बंद. आमच्या गल्लीतल्या दुकानदाराने रस्त्यावर चुन्याची वर्तुळं आखली, याद्या आदल्या दिवशी घेतल्या आणि एकट्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या आधी भरल्या. त्याला कोणी सांगितलं नव्हतं कोण एकटं आहे ते. त्याला ठाऊक होतं. तुमच्याकडे शेठनी काय केलं होतं, ते ह्यांना जरा आठवायला सांग. मी काही अंदाज बांधत नाही, पण सासूबाईंना नक्की आठवत असेल.

उरलं पुनर्विकासाचं. यात हळवेपणा बाजूला ठेव आणि आधी एक गोष्ट शोधून काढ: शेठ गाळ्याचे मालक आहेत की भाडेकरू? मालक असतील तर ते सोसायटीचे सभासद, तुमच्याइतकेच. "दुकानं नकोतच" म्हणून चार माणसांनी माना डोलावून त्यांचा गाळा हवेत जात नाही. सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९ (अ) खाली सरकारने पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ ला जे निर्देश काढले, त्यात सर्वसाधारण सभा, इतिवृत्त, चित्रीकरण अशी सगळी रीत घालून दिलेली आहे. ती बैठक तशी होती की गच्चीवरच्या गप्पा, हेही विचार. भाडेकरू असतील तर मात्र त्यांची बाजू पातळ आहे. मालकाला नवा मोठा गाळा मिळेल, त्याचं भाडं तिप्पट होईल, आणि तिथे केक-कॉफीचं दुकान येईल किंवा ॲपवाल्यांचंच काचा झाकलेलं गोदाम. मी कोथरूडला हे तीन इमारतींत बघितलं. पोडियमवर झाडं आली, खाली पार्किंग आलं, आणि आता एक कोथिंबिरीची जुडी आणायची तर मुख्य रस्ता ओलांडावा लागतो. मला ओलांडवत नाही, म्हणून मीही मोबाइल उघडते. बघ कसं असतं.

कचरा होतो ही तक्रार खोटी नाही. टेम्पो सकाळी फाटकात आडवा उभा राहतो, खोकी फुटपाथवर येतात, संध्याकाळी मुलं वेफर्सची पाकिटं टाकतात. पण यावर अटी घालता येतात: माल उतरवायची वेळ ठरवा, फळीच्या बाहेर एक खोका नको, डबा दुकानदाराने ठेवायचा. पुढच्या बैठकीत तू उठून भाषण करायची गरज नाही. तुला ते जमणारही नाही, पत्रावरून कळतंय. एवढंच विचार, "आपल्या वॉचमनने आणि कामवाल्या बायकांनी सामान कुठून घ्यायचं? आणि ज्या आजी-आजोबांना मोबाइल वापरता येत नाही त्यांनी?" आणि खाली बस. उत्तर त्यांना देऊ दे. एक-दोन दुकानांचे गाळे ठेवायचे, आणि आत्ता जो तिथे बसतो त्याला आधी विचारायचं, एवढा मुद्दा इतिवृत्तात आला तरी पुष्कळ झालं.

ह्यांनी मान डोलावली म्हणून त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना बहुधा खालचं दुकान दिसतच नसेल. कामावरून येतात, लिफ्टमध्ये शिरतात, सामान वर आलेलं असतं. महिन्यातून एका शनिवारी यादी घेऊन त्यांनाच खाली पाठव. सासूबाईंबरोबर पाठव, म्हणजे तास लागेल.

तुझं स्वतःचं काय, ते शेवटी. तुला लाज वाटते ती ॲप वापरण्याची नाही. सोळा वर्षांच्या ओळखीच्या माणसाला काही न सांगता सोडलंस, त्याची आहे. दुकानदाराला गिऱ्हाईक जाण्याचं नवल नसतं गं, वडिलांनी कधी कोणाला जाब विचारला नाही. त्यांना लागायचं ते एवढंच, की माणसं रस्ता बदलून जायची. तेव्हा मोबाइल कानावरून काढ. येत्या शनिवारी जा आणि सांग, "शेठ, मध्यंतरी सगळं मोबाइलवरून मागवत होतो. एक तारखेपासून धान्य-तेल तुमच्याकडून. बाकीचं येईल कधीमधी वरून, तेव्हा पोरगा आला तर मजला सांगा." ते हसतील. कदाचित एखादा टोमणाही मारतील, तेवढा घे.

आणि बेल दुरुस्त करून घे की गं. दोन वर्षं कडी वाजवतायत लोक. वायरमनचा नंबर शेठकडे असेल.

– मावशी